दाबलं की ते अक्षर

काकू : नाही, झोपले नाहीयेत हे. डोळे मिटले की लक्ष लागतं यांचं. ही बघा, यांची डाव्या हाताची दोन बोटं माझ्या मनगटावर. मी मोबाइलवर एकेक अक्षर म्हणत बोट फिरवते. हवं ते आलं की हे दाबतात.

संशोधक : आणि बोलणं?

काकू : झटका आला तेव्हाच वाचा गेली. उजवी बाजूही गेली. बाकी सगळं शाबूत आहे. रागसुद्धा.

संशोधक : काका, आम्ही मदत निधीच्या ऑफिसातून आलोय. लोक घरी अर्ज कसा भरतात, कुठे अडतात, ते बघणं हे माझं काम. हा आमचा प्रोग्रामर, वेबसाइट यानंच केलीय. आज परीक्षा तिची आहे, तुमची नाही. आम्ही मध्ये बोलणार नाही, नुसतं बघणार.

काकू : हसले बघा. आता असंच हसतात, एका बाजूनं. हं, चला. नाव-पत्ता झाला, आता व्यवसाय. त… थ… द… ध… न… प. प ना? बरं. काना? काना. पा. आता पुढचं. क… ख… ग…

प्रोग्रामर : ताई, यांना सांगू का, यादी आहे ना तिथे. 'इतर' निवडलं की सरळ पुढे जाता येतं.

संशोधक : मध्ये बोलायचं नाही असं ठरलंय ना?

काकू : ऐकलं मी. मागे एकदा नेलं होतं 'इतर'वर बोट. यांनी माझा हात असा झटकला की मोबाइल पलंगाखाली. दुकानांच्या पाट्या रंगवायचे हो हे. या रस्त्यावरची निम्मी दुकानं यांच्या हातची. ट? ट. पाय मोडायचा का त्याचा? मोडायचा. मग य. काना. पाट्या. झालं बघा, 'पाट्या'.

प्रोग्रामर : पण काकू, अर्ज तुम्हीच भरला असता तर एव्हाना झालाही असता. तुम्हाला सगळंच माहीत आहे.

काकू : भरला होता की. यांना वाचून दाखवला, तर मान फिरवून बसले, दुपारी जेवले नाहीत. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. यांच्याबद्दल सगळे बोलतात, यांच्याशी कुणीच नाही. डॉक्टर मला विचारतात, भूक लागते का त्यांना. थोरला फोन करतो, तोही मला विचारतो, बाबा कसे आहेत. तेव्हा म्हटलं, निदान हे एक काम यांचं यांना करू दे. र. अनुस्वार? हो. रं. क… ख… ग. ग ना? अं… गेलं.

संशोधक : काय गेलं?

काकू : नेहमीचंच. 'वेळ संपली, पुन्हा सुरुवात करा.' सगळं पुसलं.

संशोधक : नेहमीचं म्हणजे?

काकू : रोज सकाळी यांची आंघोळ झाली की बसतो आम्ही. कधी पत्त्यापर्यंत जातो, कधी व्यवसायापर्यंत. मग हे असं होतं.

प्रोग्रामर : काका चिडत नाहीत?

काकू : पहिल्यांदा डोळ्यांत पाणी आलं होतं. आता बघा ना, बोटं परत जागेवर. चला हो. नाव.

प्रोग्रामर : ताई, जरा बाहेर येता?

संशोधक : काय रे, चेहरा का असा झाला?

प्रोग्रामर : एका पानावर पंधरा मिनिटं झाली की ते बंद होतं. कुणी बाहेरच्या कॉम्प्युटरवर अर्ज उघडा टाकून गेलं तर भलत्याच्या हाती लागू नये, म्हणून. आणि अशा अर्जांपुढे आपल्या तक्त्यात काय लिहून येतं, माहीत आहे? 'अर्जदाराने सोडून दिला.'

संशोधक : माहीत आहे. दर सोमवारी मीच तो तक्ता मांडते.

प्रोग्रामर : हे दोघं रोज सकाळी तिथे 'सोडून दिला' म्हणून जमा होतायत. आणि रोज परत बसतायत. मी उभ्या जन्मात एखादी गोष्ट अशी धरून ठेवली नसेल.

संशोधक : मग काय करता येईल?

प्रोग्रामर : पान बंद होऊ दे. पण उमटलेलं प्रत्येक अक्षर जपून ठेवायचं, आणि पुन्हा उघडलं की तिथूनच पुढे. साहेब म्हणतील, चारदोन लोकांसाठी एवढा खटाटोप कशाला. त्यांना इथे आणून बसवतो. मी काही बोलणार नाही, त्यांनी नुसतं ऐकावं.

संशोधक : शू. आतून ऐकू येतंय का? परत नावाचं पहिलं अक्षर.

(पुढच्या महिन्यात, त्याच खोलीत.)

प्रोग्रामर : मग, आज कुठून सुरुवात, काकू?

काकू : सुरुवात कसली, शेवट आलाय. काल थांबलो होतो तिथेच उघडलं, बोट लावल्याबरोबर. हे वाचा. 'दुकानांच्या पाट्या रंगवतो.' मी म्हटलं, 'रंगवायचो' ना? दोनदा विचारलं. नाही म्हणाले. रंगवतो.

संशोधक : सुरेख. आता एवढंच उरलं, 'आणखी काही सांगायचे आहे का?' ते रिकामं ठेवलं तरी चालतं. बहुतेक जण ठेवतात.

काकू : यांनी मनगट सोडलेलं नाही. म्हणजे आहे काहीतरी. श… ष… स… ह. ह? वेलांटी. पहिली. हि. ल. काना. 'हिला'. हिला म्हणजे कुणाला हो? बरं, बरं, आधी लिहिते. झ. झो. प. झोप…

संशोधक : सावकाश होऊ दे. घाई नाही आम्हाला.

प्रोग्रामर : काकू? का थांबलात? झालं का लिहून?

काकू : हे पुसता येतं ना?

संशोधक : काय आलंय?

काकू : तुम्हीच वाचा. मला दिसत नाहीये नीट.

प्रोग्रामर : 'हिला झोप मिळत नाही. हिच्यासाठी काही मदत आहे का'

काकू : अर्ज यांचा, त्यात माझं कशाला? मी काही म्हटलंय का कधी? नका पाठवू ते.

संशोधक : काका, हे तुम्ही मला विचारलंय. मी उत्तर शोधून आणते.

प्रोग्रामर : मग पाठवू ना, काका?

काकू : थांबा, दाबतायत अजून. काय राहिलं? पूर्णविराम? नाही? हं. प्रश्नचिन्ह.