गिरजाबाईचं मत आधीच पडलं!

नाई, उघडं म्हनजे किती उघडं असावं जी, काही सुमार? तुम्हाले सांगतो, ह्या एकोणनव्वदच्या लोकसभेले आमच्या वडशाकडच्या गावात शाळेचं दार उघडं, खिडक्या उघड्या, मत टाकाच्या आडोशाचा पुठ्ठा फाटला तं तोही उघडा, अन् पोलिंगचा साहेब येईल त्याले सांगून राह्यला, "इथं सगळं उघड आहे, लपवाछपवी नाही!" अन् त्याच उघड्या दारातून गिरजाबाईचं मत चोरीले गेलं! बोला आता!

गिरजाबाई म्हनजे मुखरू रामटेक्याची बायको. धानाची कापनी जोरात, इळा खाली ठेवाले फुरसत नाई, पन बाई मत चुकवत नाई. "बाबासाहेबानं मिळवून देल्लं मत आहे, ते काय बांधावर ठेवून येऊ?" म्हनते. पांढरं लुगडं नेसली, रांगेत उभी राह्यली, तिचा नंबर आला... साहेबानं यादीवर बोट फिरवलं अन् म्हनते, "तुमचं मत पडलं."

"पडलं? कुठी पडलं? मी तं आताच आली!"

"पडलं म्हणजे दिलं गेलं. गिरजाबाई मुखरू रामटेके सकाळीच मत देऊन गेल्या."

"मंग मी कोन?"

आता सांगा, ह्याले जवाब काय देता? बाईनं बोट त्याच्या नाकापुढं धरलं. "पाहा, आहे शाई?" साहेब म्हनते, "शाई काय हो, पपईच्या चिकानं निघते."

बाजूच्या बाकावर देवाजीभाऊ, आमचा सरपंच, आपल्या पार्टीचा एजंट होऊन बसला होता. कालपावतर बाई त्याच्याच बांधीत धान कापत होती! ती म्हनते, "देवाजीभाऊ, तुमी सांगा ना, मी कोन?" देवाजीभाऊनं तोंडातलं पान ह्या गालातून त्या गालात नेलं. "आता बाई... गर्दीत सारे चेहरे एकसारखेच दिसते." वा रे वा! मजुरी कापाच्या वेळी एकेक चेहरा बरोबर दिसते!

साहेब मंग लय मायेनं बोलला. "बाई, नियमात सोय आहे. दुसरी मतपत्रिका देतो, शिक्का मारा, मी ती पाकिटात ठेवतो."

"मोजसान ना?"

"नाही. जपून ठेवतो."

"काऊन? लोनचं घालता काय?"

रांग खदखदून हासली, पन बाई नाई हासली. डोळ्यात पानी आलं होतं तिच्या, ते तिनं पदरानं पुसलं, अन् शाळेच्या दारात फतकल मारून बसली. सारं उघडं आहे ना? मंग मीबी पाहातो, म्हनते!

तेवढ्यात देवाजीभाऊचं ट्रॅक्टर आलं. ट्रालीभर बाया, पदर नाकापावतर! पहिली दारात आली, तशी गिरजाबाईनं अडवली. "नाव काय वं तुयं?"

"शकुबाई."

"शकुबाई? अवं, शकुबाई तं बाळंतपनाले मायेरी गेली! अन् मागची वं, तू?"

"आशाबाई."

"आशाबाई ही माह्या बाजूले उभी आहे! कावं आशा, तू दोन कधी झाली?"

तुम्हाले सांगतो, ट्रालीवाल्या बायांत असी धांदल उडाली म्हनता! एक म्हातारी कावरीबावरी होऊन म्हनते, "बाई, आमाले तं जेवन देतो म्हनून आनलं, नाव वाटेत शिकवलं." अन् साऱ्या बाया भराभर ट्रालीत चढल्या. सकाळपासून धो धो पडनारं मतदान तिथून पुढं ठिबकाले लागलं!

साहेब धावत आला. "ओ बाई, तुम्हाला अडवायचा अधिकार कोणी दिला? तुम्ही कोण?"

"मी कोनीच नाई ना! तुमच्याच कागदानं मी सकाळीच घरी गेली. जे मानूस इथी नाईच, त्याले उठवता कसं?"

साहेबाचं तोंडही उघडंच राह्यलं!

मंग जीप आली. दिल्लीचा साहेब, खास देखरेखीले धाडलेला. गिरजाबाईले वाटलं, आला आपला मानूस. तिनं सारं सांगतलं, बोट दाखवलं, आशाबाई दाखवली, ट्रॅक्टरची चाकोरी दाखवली. साहेब मान हलवून राह्यला, देवाजीभाऊ त्याले चहा पाजून राह्यला. चहा झाल्यावर साहेबानं दार पाह्यलं, खिडक्या पाह्यल्या, फाटका पुठ्ठाही पाह्यला. "सब तो खुला है!" म्हनते. "बस, ये औरत दरवाज़े में क्यों बैठी है?"

झालं! साऱ्या गावात बंद काय सापडलं त्याले, तं गिरजाबाईनं अडवलेलं दार! मतदानात अडथळा, लावा गुन्हा. बंदोबस्ताच्या हवालदारानं पेन काढला अन् न विचारता घडाघडा लिहलं, गिरजाबाई मुखरू रामटेके.

बाई म्हनते, "हवालदारभाऊ, मीच गिरजाबाई कशावरून? पुरावा नाई पाह्यजे?"

"पुरावा कायले? सारा गाव तुम्हाले वळखते ना, बाई!"

देवाजीभाऊची पार्टी आली निवडून. देवाजीभाऊनं गिरजाबाईले कापनीवरून काढलं, आता ती नदीपल्याडच्या गावात जाते कामाले. अन् महिन्यातून एक मजुरी बुडवून गडचिरोलीले कोर्टात. मुखरू म्हनते, जाऊ दे, नको जाऊ. पन न जाऊन कसं जमते जी? मत द्याले तिच्या नावानं कोनीबी येते, तारखेले तिच्या नावानं कोनी येते काय?