टेम्पोची मालकीण

करसल्लागाराच्या केबिनबाहेर रंगारी आपल्या नंबराची वाट बघत बसला होता. आत सुतार आणि त्याची बायको होती. दार उघडंच होतं.

“मजुरी दाखवलीत. ठेकेदार टेम्पोचं भाडं वेगळं देतो, ते कुठंय?”

“साहेब, टेम्पो घरचाच. त्याचं कसलं आलंय उत्पन्न?”

“भाडं आलं की उत्पन्न झालं. टेम्पो कुणाच्या नावावर?”

“हिच्या. आपलं नावापुरतं हो!”

“नावापुरतं? माझ्या शिलाईच्या पैशांतून घेतलाय, साहेब.”

“मग भाडं तुमची कमाई, वहिनी. तुमच्या नावावर दाखवू.”

“अहो, ऐकलंत? मग रोज माझा टेम्पो कुणाला विचारून नेता?”

“अगं, घरी जाऊन बोलू ना.”

“घरी कशातून जाणार?”

बाहेर रंगाऱ्याने हळूच बायकोला फोन लावला.

“अगं, आपल्या गाडीच्या कागदांवर नाव कुणाचं आहे गं? ...हसतेस काय?”