दुसऱ्या ‘च’वरचं टिंब

नाही, टिंब नाही द्यायचं. कुलसचिवांनी स्वतः सांगितलं असलं, तरी नाही. बस, त्या स्टुलावर बस — दाराला टेकू नकोस, रंग ओला आहे. हा बघ तुझाच कागद. समाजसेवा पुरस्कार, लाकडी पाट्या बारा, नावं बारा — म्हाताऱ्यांना अक्षरओळख करून देणारी ही मुलगी, पेशंटांना दवाखान्यात पोचवणारा हा — गुणी पोरं, आनंद आहे. त्यांची नावं मी माझ्या अक्षरात काढणार, दोऱ्यानं रेघ मारून. आणि खाली बाईंचं वाक्य, बाईंच्या अक्षरात. ‘आम्हालाही वाचायचय.’ दुसऱ्या ‘च’वर टिंब नाही. तुझ्या कागदावर आहे! चांगलं ठसठशीत आहे. म्हणजे यंदा कोणाला तरी शुद्धलेखनाची उबळ आलीय.

तुला बाई फोटोतल्या माहीत असणार, त्या मोठ्या जिन्याजवळच्या. शिवणकाम करायच्या, नदीपलीकडे. विद्यापीठाच्या वाचनालयात तेव्हा पलीकडच्या माणसाला पाऊल टाकू देत नसत, आणि बाईंच्या मुलीला पुस्तक हवं होतं. म्हणून चादर फाडली, त्यावर हे वाक्य लिहिलं आणि दारासमोर जाऊन बसल्या. सतरा दिवस. पहिल्या दिवशी एकट्या, सतराव्या दिवशी रस्ता दिसेना. उघडलं दार. आता तुमचे प्राध्यापक दरवर्षी भाषणात सांगतात — वाचायचं म्हणजे पुस्तक वाचायचं, आणि वाचायचं म्हणजे जगायचंसुद्धा. टाळ्या पडतात. पडू देत. टिंबाचंही सांगतात, शाळेत न गेलेल्या हाताची खूण म्हणे ती. खूण कसली डोंबलाची! टिंब असतं हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. कुठल्या अक्षरावर, एवढंच अडलं होतं.

मला कसं माहीत? धंदाच अक्षरांचा, माहीत असणारच — बरं, विचारलं होतं त्यांनी. कोणाला म्हणजे, पेंटरला. तेव्हा गावात पेंटर किती? एक. चादर घेऊन आल्या होत्या, तू बसलीस तिथंच उभ्या होत्या. म्हणाल्या, दादा, एवढं लिहून द्या. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात या. म्हणाल्या, उद्याच बसायचंय. मी ब्रश धुवायला घेतला. मग म्हणाल्या, बरं, मी लिहिते, फक्त टिंब कुठं येतं तेवढं सांगा. मी म्हटलं, मला वेळ नाही. आता टिंब सांगायला वेळ किती लागतो? पण माझं विद्यापीठाचं काम चाललं होतं ना — पाटी वाळत होती. कसली म्हणजे? ‘नदीपलीकडील रहिवाशांना प्रवेश नाही.’ जुनी गंजली होती, त्यांना नवी हवी होती. भिंतीला टेकवून ठेवलेली, तोंड बाईंकडे. त्यांनी वाचली, सावकाश, ओठ हलवत, शेवटपर्यंत. आणि म्हणाल्या, अक्षर छान आहे. टोमणा? नाही गं. टोमणा असता तर मी केव्हाच विसरलो असतो.

आणि मी कुठला? मी पलीकडचाच की! बाईंची आणि आमची गल्ली एक. दुसऱ्या दिवशी वाचनालयाच्या दाराला शिडी लावली, स्क्रू आवळले, खाली उतरलो — झालं, मलाच प्रवेश नाही. हस, हसण्यासारखंच आहे. बाई तोवर येऊन बसल्या होत्या. शिडी त्यांच्या अंगावरूनच न्यावी लागली. त्यांनी पाय आवरून घेतले, मला वाट दिली.

पुरस्कार सुरू झाले तेव्हापासून, एकोणीस वर्षं, मी त्यांचं वाकडं अक्षर गिरवतोय. सरळ हाताला वाकडं काढणं किती जड जातं, एकदा करून बघ. तेही जमलं. पण टिंब दिलं की झालं, त्या दिवशी मी सांगितलं होतं असं होईल. नव्हतं सांगितलं मी! त्या वाक्यात माझं म्हणून जे काही आहे ते तेवढंच, ती रिकामी जागा. तेव्हा जा, सांग त्यांना, टिंबच हवं असेल तर दुसरा पेंटर बघा, म्हातारा ऐकत नाही म्हणावं —

काय? टायपिस्टनं घातलं? आपल्याच मनानं? आणि कोणी काही सांगितलेलं नाही? — मग तू आलीस कशाला? शुक्रवारपर्यंत होतील का. एवढंच. एवढंच विचारायचं होतं तुला, आणि मी आपला तासभर...

होतील. शुक्रवारी होतील. ऊठ आता. आणि पाट्या बाईंच्या मुलीच्याच हातून देतात ना अजून? मला काका म्हणते ती. तिला यातलं काही बोलू नकोस. — नाही, थांब. पाट्या न्यायला तिलाच पाठव. सांग, पेंटरकाकांना थोडं बोलायचंय. कशाबद्दल ते सांगायची गरज नाही. जा.