शिवरामच्या फटफटीचा चिमटा

ज्याच्या इच्छेने श्वास येतो आणि ज्याच्याच इच्छेने तो परत जातो, त्या दयाघनाला प्रथम वंदन. आजच्या माझ्या शब्दांना त्याच्या कृपेचा टेकू लाभो. माझ्या एकट्याच्या बळावर ते उभे राहतील असे मला वाटत नाही.

सज्जनहो, मायबहिणींनो,

या मंडपात बसून मी आजवर पुष्कळ पुराणे सांगितली. त्यांत मृत्यूचे प्रसंग आले, विलाप आले. तुम्ही ऐकलेत आणि डोळे पुसलेत. पण त्या मृतांना आपण कोणी पाहिले नव्हते. शिवरामला आपण पाहिले होते. या निपाणीत ज्याच्या सायकलीला त्याचा हात लागला नाही असा एक तरी मनुष्य इथे बसला आहे काय? म्हणून आज बोलणे जड जात आहे. चुकलो, अडखळलो, तर सांभाळून घ्या.

शिवरामचा कारखाना माझ्या घराला लागून. कारखाना म्हणायचे इतकेच. तंबाखूच्या वखारीमागे पत्र्याचे एक छप्पर. तेथे तो आणि त्याचा भागीदार बाळाप्पा लोहार दिवसभर ठोकाठोक करीत, आणि भिंतीपलीकडे मी पोथी वाचीत असे. आमची कधी तक्रार झाली नाही. तो म्हणे, "बुवा, तुमचा आवाज आला की माझा घण तालात पडतोय."

लढाई संपली आणि बेळगावच्या छावणीत लष्करी गाड्या विक्रीस निघाल्या. शिवरामने तेथून एक भली थोरली फटफटी आणली. तिच्या बाजूला एक माणूस बसेल अशी साइडकार होती. ही गाडी त्याने कोणासाठी आणली, हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या मातोश्रींसाठी. ज्यांना आपली सारी गल्ली आक्का म्हणते, त्या आक्कांसाठी.

आक्कांचे माहेर खानापूर तालुक्यात, गुंजी. शिवराम पाळण्यात असताना त्या विधवा झाल्या. वखारीत तंबाखू निवडून त्यांनी लेक वाढवला. रिकाम्या हाताने माहेरच्या दारात जाणार नाही असा त्यांचा बाणा. म्हणून त्या गेल्या नाहीत. पुढे गुडघ्यांनी दगा दिला. गुंजीला त्यांचे थोरले बंधू आहेत. तेही थकले. भावाबहिणीची भेट राहून गेली ती राहूनच गेली.

मी एकदा शिवरामला म्हटले, बाबा रे, बेळगावहून आगगाडी आहे, गुंजीला स्टेशन आहे, आईला गाडीत बसव आणि ने. तो हसला. म्हणाला, "बुवा, आगगाडी टेसनापत्तोर जाती. म्हायेर तिथनं लांब हाय. आक्काला काय झोळीत घालून नेऊ?"

तेव्हा फटफटी. पण त्या फटफटीचे पुढचे अंग फार कठीण. पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारा जो लोखंडी सांगाडा असतो, त्याला कारागीर चिमटा म्हणतात. त्याच्या मध्ये स्प्रिंग असते. ती खड्ड्याचा धक्का पिते. लष्कराने तो चिमटा इतका झिजवला होता, की आक्कांना बाजारापर्यंत नेले आणि त्या कंबर धरून उतरल्या. म्हणाल्या, "ह्यापेक्षा बैलगाडी सोन्याची रं."

त्या दिवशी शिवरामने चिमटा उतरवला. नवी, मऊ स्प्रिंग बसवली. सांध्यांतले बुश, म्हणजे आत बसणाऱ्या धातूच्या आखूड नळ्या, बाळाप्पाकडून नव्याने करवून घेतल्या. पाडव्यापर्यंत तो चिमटा असा झाला होता, की हाताने दाबावा तर गाईच्या आचळासारखा मऊ दबे आणि अलगद वर येई. मी स्वतः दाबून पाहिला आहे.

सज्जनहो, पाडव्याला ते काम पुरे झाले होते. हे मी पुन्हा सांगतो. पाडव्याला ते काम पुरे झाले होते.

राहिला होता फक्त रंग.

लष्कराचा मातकट रंग त्याला नको होता. त्याला आरशासारखा काळा हवा होता, वर तांबडी बारीक रेघ. पहिला हात दिला, आणि पलीकडे वखारीत तंबाखू झोडपणे चालले होते. ओल्या रंगावर तंबाखूची भुकटी बसली. आपल्या या गावात उन्हाळ्यात उघड्यावर रंग वाळत घालू नये, हे शेंबड्या पोरालाही कळते. पण घाई माणसाला आंधळे करते. त्याने काचकागदाने सारे खरवडले. दुसरा हात दिला तो पावसाळ्यात. तो वाळेचना. तिसरा दिला नवरात्रात.

बाळाप्पा रोज म्हणे, "बसव की आता, अण्णा. चाकाला काय रंग दिसतोय?" आक्का तर दारात बसून टोमणे मारीत. "नवरीगत नटवायलाईस चिमट्याला. वऱ्हाड उपाशी बसलंय रं." आणि शिवराम हसून काचकागद घेई.

आली खंडेनवमी. कारागिराच्या घरी त्या दिवशी हत्यारे पूजतात. ऐरण, घण, हातोडे मांडले. चिमटाही मध्ये मांडला, कारण तेच त्या वर्षीचे मोठे काम. आक्कांनी पूजा केली. हळदकुंकवाची पाच बोटे त्या चिमट्यावर ओढली. रंग अजून आतून ओला होता. बोटे उमटली, ती उमटलीच.

आक्का फार कष्टी झाल्या. शिवराम त्यांच्यावर रागावला नाही. म्हणाला, "असूं दे गं. देवीचं काम झालं, आता माझं करतो." आणि दसऱ्याला हत्यारे उचलताच त्याने पुन्हा खरवडायला घेतले.

त्या दिवशी मी त्याला कारखान्यात जाऊन सांगितले. शिवराम, आपल्या प्रत्येक पूजेच्या शेवटी आपण देवाची क्षमा मागतो. मंत्र चुकला असेल, भक्ती उणी पडली असेल, तरी हे पुरे झाले असे मानून घे, अशी विनंती करतो. ज्या ऋषींनी विधी सांगितले, त्यांनीच ही विनंतीही सांगून ठेवली. मनुष्याच्या हातून पूर्ण काही होत नाही हे त्यांना ठाऊक होते. आता हे पुरे मान.

त्याने हात पुसले. त्याचे उत्तर मला अजून झोपू देत नाही.

"बुवा, देव मानून घेईल. गाव न्हाय मानून घ्यायचं. आक्का इतक्या वर्षांनी म्हायेरी चाललीया. लेकानं भंगारात घालून आणली, असं एकानं जरी म्हटलं, तर तिच्या कष्टाची काय किंमत राहिली?"

मातृभक्तीचे पाठ मी आयुष्यभर दिले. त्या दिवशी तो पाठ त्याने मला दिला. मी घरी आलो. भिंतीपलीकडे काचकागदाचा आवाज चालू होता.

दिवाळी झाली. शिवरामला ताप आला. तो उतरला नाही. पुढचे आपण जाणता.

सज्जनहो, आज आक्कांच्या शेजारी जे वृद्ध गृहस्थ बसले आहेत, ते त्यांचे थोरले बंधू. सांगावा मिळताच ते निघाले. आगगाडीने बेळगाव, तेथून सर्व्हिस मोटारीने निपाणी. नातवाच्या खांद्यावर हात ठेवून ते आले. आल्यावर बाळाप्पाने त्यांना सारी हकिगत सांगितली. त्यांनी ती ऐकून घेतली. मग म्हणाले, "आमच्या गावात अजून फटफटी आलीच न्हाय. कसल्याबी रंगाची आली असती, तरी सारं गाव वेशीवर आलं असतं."

भावाने बहिणीचा हात धरला होता. तेव्हा आक्का बोलल्या.

"दादा, मला तुझ्याकडं न्यायचं म्हणत होता. तुलाच घेऊन आला बघ."

यापुढे मी बोलणे योग्य नाही.

आता आपण सर्वांनी उभे राहावे. आक्कांनी आणि दादांनी बसूनच असावे. क्षणभर मौन पाळून या मातृभक्ताला निरोप देऊ.

...

परमेश्वर त्याच्या जीवाला आपल्या चरणांशी ठाव देवो. ज्यांनी हे ऐकले, आणि पुढे ज्यांच्या कानी किंवा डोळ्यांपुढे हे येईल, त्या सर्वांच्या घरी माणसे वेळेवर एकमेकांना भेटोत. सर्वांचे कल्याण असो.