बाही ओढत होती

कोर्टाबाहेरच्या बाकावर साक्षीच्या पुकाऱ्याची वाट पाहून एक नर्सबाई कंटाळल्या होत्या. तेवढ्यात शेजारी एक शिंपी आणि त्याची बायको येऊन टेकले. ट्रकच्या धडकेत त्याचा उजवा हात अधू झालेला, त्याच्याच भरपाईचा दावा होता. दोघांचं बोलणं नर्सबाईंच्या कानावर पडू लागलं.

"काय विचारलं त्या कोर्टाच्या तज्ज्ञबाईंनी?" बायको म्हणाली.

"या हाताने आता किती कमाई होईल, तेच बघत होत्या. कात्री धरायला लावली. पडली."

"बरं झालं! वकीलसाहेब खूश होतील."

"पण त्या बाईंच्या कोटाची बाही खांद्यात ओढत होती गं. मला राहवेना. कुठे उसवायची, कुठे टाचायची, सांगून टाकलं."

"अहो!"

"त्यांनी तिथल्या तिथे टाचली. झकास बसली! मग म्हणाल्या, शिवता येणार नाही, पण शिकवून कमावाल. तसंच लिहिणार आहेत."

"म्हणजे निम्मी भरपाई गेली!"

"गेली."

"आणि वर हसताय?"

"अगं, मला शिकवता येतं!"

"तुम्हाला? लग्नापासून मला मशीनला हात लावू दिला नाहीत."

"तुझी शिलाई वाकडी जाते."

"मग माझ्यापासूनच सुरू करा. आणि ओरडायचं नाही."

"फी?"

"आधी महिनाभर शिकवून दाखवा. तुमची कमाई किती, ते मग मी ठरवते."