दत्ताची पहिली ऑर्डर

आता दत्ताचा डीजे लातूर-नांदेडात सगळीकडं जातो, पण त्याची पहिली ऑर्डर कुठली होती ते ऐका. दत्ता माझा चुलतभाऊ, चाकूरचा. नव्या माणसाला काम कोण देणार? म्हणून त्यानं सख्ख्या बहिणीचंच लग्न धरलं.

संगीताताई आदल्या दिवशी त्याला म्हणाली, "वाजव बाबा, पण कानपिळीला मांडवात ये. मला सख्खा भाऊ एकच हाय."

"हाव ताई, येतो की."

अक्षता पडल्या. बाहेर नवरदेवाचे दोस्त डीजेपुढं नाचत होते. आत भटजी म्हणाले, "नवरीच्या भावाला बोलवा, नवरदेवाचा कान पिळायचाय." ताईनं मला धाडलं. गर्दीतून डीजेच्या गाडीपर्यंत जाता येईना. हाका मारल्या, तर माझ्या मलाच ऐकू येईनात. शेवटी लांबूनच मी स्वतःचा कान पिळून दाखवला. दत्ताला वाटलं, आवाज वाढव म्हणतोय. त्यानं हसून बटण फिरवलं.

मी एकटाच परत आलो. भटजी म्हणाले, "चुलतभाऊ चालतो." नवरदेवाचा कान मी पिळला आणि मानाचे कपडेही मलाच मिळाले. त्यांची घडी मी अजून मोडलेली नाही.

ताई सासरी निघाली तेव्हा दत्ता घामेघूम होऊन आला. "ताई, कसा होता आवाज?"

ताईनं पदरानं त्याचं तोंड पुसलं.

"चांगला होता रे. आमचा तेवढा तुझ्यापर्यंत आला न्हाई."