खाटेमागं फिरणारी गळती

न्हाई न्हाई, भिमाजीदादा, आत्ताच उतरायचं न्हाई — आणखी एक बादली वता, हितं, माझ्या डोक्याच्या बरोब्बर वर — मी आ करून हुबा हाय खाली, थेंब आला की सांगतो. वतली? सगळी? मंग पाणी गेलं कुठं? पागोळीनं खाली? वा! म्हंजे छप्पर एकदम झ्याक. तुमच्यासारखा कौलं शाकारणारा आख्ख्या भोसरीत न्हाई. आन् मी रोज रातीला भिजतोय!

हसू नका राव. उद्याच्यावर माझी नोकरी हाय — मुकादम म्हणला, रंगराव, तीनदा उशीर झाला, उद्या भोंग्याआधी फाटकात दिसला न्हाईस तर नाव कापलं. औषधाची नवी कंपनी, पिंपरीत, बाटल्या धुवायला माणसं रांग लावून हुबी हायती. मला काय झोपायची हौस हाय? रातभर कपाळावर टपटप, पहाटं थांबली की डोळा लागतो, तो उघडतो भोंग्याला — भोंगा पिंपरीत, मी भोसरीत, घोंगडीत!

बरं, गळायचं तर एका जागी गळ की. खाट चुलीपाशी हुती — कपाळावर. दारापाशी नेली — कपाळावर. खांबाला भिडवली, दादा, खांबाला — कपाळावर! ज्वारीची कणगी कोरडी, आमचे वडील, आबा, ते बी कोरडे. देवऋषी म्हणला, खाटंत दोष हाय. मंग शेळी बांधली खाटंवर आन् मी झोपलो शेळीच्या जागंवर. शेळी कोरडी. मला म्हणाल तर पिळून वाळत घालायची वेळ आली.

आबांना इचारलं का म्हणता? काय इचारायचं त्यांना — ते बगा वटीवर बसल्यात — बोलतच न्हाईत हल्ली. भांडण? छ्या, भांडण कशाचं. म्हंजे — तुमाला म्हणून सांगतो, दादा — आधी तेच उठवायचे मला. वटीवरनं आरोळी — 'रंग्या, ऊठ रं, कंपनी चालली!' आख्खी आळी उठायची, कुत्री उठायची. एक दिवस कंपनीतली दोघं मला बोलवायला दारात आली, त्यांनी ऐकलं. पिंपरीपातुर 'रंग्या, कंपनी चालली' करत गेली. दुपारच्याला मुकादमबी म्हणला. मी घरी आलो, आन् — बोललो. पुन्ना मला हाक मारायची न्हाई. वारलेल्या आयची शपथ घातली त्यांना. तवापासनं गप. घड्याळ आणतो म्हणलो, ते बी न्हाई आणलं. कारभारीण पुनावळ्याला, बाळंतपणाला. मंग मला उठवणार कोण — शेळी?

काय म्हणता? कौलं खालनं बगू? काय बगायचं, काजळी हाय चुलीची... थांबा. पुसलीय. गोल पुसलीय, आवळ्याएवढी. चुलीच्या वर एक. दारावर एक. खांबापाशी — व्हय. शेळीच्या जागंवर बी हाय! खालनं ढोसून कौल सरकवलं म्हणता, आन् उजाडल्यावर पुन्ना बशीवलं? कोण ढोसंल? कशानं? आमच्यात काय, शेवग्याच्या शेंगा काढायची आकडी तेवढी — ही बगा कोपऱ्यात — टोक...

टोक काळं हाय.

आबा. आत या. ही आकडी — तुमी? मान हालवू नका, तोंडानं सांगा. वर बोट काय दावताय? आभाळ. बरं. माझं तोंड. आभाळ, आन् माझं तोंड — उजेड? तोंडावर उजेड पडला की मी उठीन म्हणून? ल्हानपणी उठायचो तसा? अवो पण आबा, श्रावण हाय! उजेडाच्या आधी पाऊस येतो!

दादा, ह्ये हसायला बी तयार न्हाईत बगा. आबा, शपथ सुटली. मी घातली, मीच सोडली. उद्या हाक मारा — कंपनी चालली म्हणा, कायबी म्हणा, पिंपरीपातुर जाऊ द्या, मुकादमाला ऐकू जाऊ द्या. आत्ताच मारा एक. रंग्या म्हणा नुसतं.

आबा? अवो, पुन्ना आकडीच काय उचलताय?

...तुमी काय बगताय वरनं, दादा? उतरा. झालं काम, गळती घावली. च्या न्हाई आज, पुन्ना कधीतरी. आन् थांबा — उतरता उतरता ते खांबापाशीचं कौल बोटभर सरकवून जावा. आज मी झोपतच न्हाई, बसून ऱ्हातो त्याखाली, उजेडाची वाट बगत. सरकवा म्हणलं ना! आकडी जड हाय, म्हाताऱ्याचे हात भरून येत असतील.

जावा आता.